चौथ्या वेगावर अडलेला पंखा

चैत्र सरत आला की मनमाड परिसरातील तापमान ४० अंशांच्या आसपास घुटमळू लागते. लग्नसराई, अक्षय्य तृतीयेची पारणी आणि शाळांच्या सुट्ट्या याच दिवसांत येतात आणि कुटुंबेच्या कुटुंबे गाडीने प्रवासास निघतात. कोणी मालेगाव, सटाणा, ताहाराबाद या मार्गाने मांगीतुंगीस जाते, कोणी येवला-कोपरगावकडे, तर कोणी चांदवडवरून नाशिकला. अशा ऐन वेळी गाडीतील एसीचा पंखा हट्टाला पेटतो. नॉब एक, दोन किंवा तीनवर ठेवला तर वाराच येत नाही. चारवर नेला की एकदम सोसाट्याचा वारा सुटतो. वृद्धांना तो गार झोत सोसवत नाही म्हणून पंखा बंद करावा, तर काही मिनिटांतच गाडीची भट्टी होते. त्यातून गाडीत कोणी निर्जळ उपवास करणारे असेल, तर हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. तो प्रकृतीचा होतो.

हा बिघाड अगदी सर्वसामान्य आहे आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा तळहातावर मावेल एवढ्या एका भागात असते. तरीही त्यापायी कित्येक घरांत गॅस भरण्यावर, कॉम्प्रेसर तपासण्यावर, क्वचित सगळा डॅशबोर्ड उतरविण्यावर खर्च होतो आणि पंखा पुन्हा चौथ्यावरच राहतो. ताळेबंद जुळला नाही तर व्यापारी सगळ्या वह्या नव्याने लिहीत नाही. फरक नेमका किती रकमेचा आहे हे पाहून तो त्या खात्यावर बोट ठेवतो. पंख्याचा बिघाडही असाच शोधावा. कोणत्या वेगावर वारा येतो आणि कोणत्या वेगावर येत नाही, एवढी नोंद नीट केली तरी निम्मे निदान घरबसल्या होते.

वारा वेगळा, गारवा वेगळा

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. एसीमध्ये गारवा निर्माण करणारी यंत्रणा वेगळी आणि तो गारवा माणसांपर्यंत पोहोचविणारी वेगळी. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल आणि त्यांतून फिरणारा गॅस हे पहिल्या यंत्रणेचे घटक होत. डॅशबोर्डच्या आत, बहुधा डाव्या बाजूच्या आसनासमोर असलेला ब्लोअर, म्हणजे पिंजऱ्यासारखा गोल पंखा व त्याची मोटर, हा दुसऱ्या यंत्रणेचा घटक होय. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलसाठी मोटारीत पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी देऊ केला, तेव्हा चालकाच्या हाती केवळ पंख्याचे बटण होते. कॉम्प्रेसर थांबवायचा तर बॉनेट उघडून त्याचा पट्टा काढावा लागे. आज दोन्ही बटणे शेजारीशेजारी असल्यामुळे दोन्ही कामे एकच आहेत असा समज होतो.

म्हणून पहिली तपासणी अगदी साधी आहे. एसीचे बटण बंद ठेवावे, चावी चालू करावी आणि केवळ पंखा एक ते चार या क्रमाने फिरवून पाहावा. एसी बंद असतानाही काही वेग चालत नसतील, तर दोष पंख्याच्या विद्युत्मार्गात आहे. गॅसचा त्याच्याशी काहीही संबंध नाही आणि गॅस भरून तो सुधारणारही नाही.

बॉनेटखाली कंडेन्सरजवळ आणखी एक पंखा असतो. त्याची गल्लत केबिनमधील ब्लोअरशी करू नये. गाडी रस्त्याने धावत असताना थंडावा चांगला येतो, पण रेल्वे फाटकावर किंवा गर्दीत उभी राहिली की आतून कोमट वारा येऊ लागतो, असे होत असेल तर त्या पुढच्या पंख्याची तपासणी करावी. येथे आतील पंख्याचे वेग चारही चालत असतात. बिघाड निराळा आणि उपायही निराळा.

वेग कमी कसा होतो

दुकानातील छताच्या पंख्याचा जुना, जाडजूड रेग्युलेटर अनेकांना आठवत असेल. पंखा हळू ठेवला की तो डबा हाताला गरम लागे. पंख्याकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत तारेची वेटोळी घालून वीज अडवायची आणि अडलेल्या विजेची उष्णता करून टाकायची, हे त्याचे तत्त्व. मनमाडकरांना याहून मोठे उदाहरण रेल्वेचे देता येईल. मुंबईहून इगतपुरीपर्यंत पूर्वी १५०० व्होल्टच्या डी.सी. प्रवाहावरील इंजिने चालत आणि इगतपुरीला इंजिन बदलून गाडी मनमाडकडे येई. त्या डी.सी. इंजिनांत गाडी सुरू होताना मोटरच्या वाटेत मोठमोठे रेझिस्टन्स घातलेले असत आणि वेग वाढेल तसे ते टप्प्याटप्प्याने काढून घेतले जात.

चार वेगांचा नॉब असलेल्या बहुसंख्य गाड्यांत हेच तत्त्व लहान प्रमाणावर वापरलेले असते. ब्लोअरच्या वाटेत एक रेझिस्टर बसविलेला असतो आणि त्यात तारेची निरनिराळी वेटोळी असतात. नॉब एकवर असताना वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, दोनवर एक वेटोळे कमी होते, तीनवर आणखी एक. चारवर मात्र वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरकडे जाते.

एक ढोबळ हिशेब मांडून पाहता येईल. समजा, पंखा हळू चालत असताना १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५ अँपिअर प्रवाह जातो आणि वाटेतील रेझिस्टन्स दीड ओहम आहे. बॅटरीने दिलेल्या ६० वॉटपैकी साडेसदतीस वॉट रेझिस्टरमध्येच उष्णता होऊन जातात आणि मोटरच्या वाट्याला केवळ साडेबावीस वॉट येतात. म्हणजे एवढासा भाग लहान सोल्डरिंग इस्त्रीइतका तापतो. तो जळू नये म्हणून तो ब्लोअरच्या वाऱ्याच्या झोतातच बसविलेला असतो. पंखा प्रवाशांना वारा घालतो, तसाच स्वतःच्या रेझिस्टरलाही घालतो. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

चौथाच वेग का उरतो

उष्णता मर्यादेबाहेर गेली तर आग लागू नये, यासाठी पुष्कळ रेझिस्टरांमध्ये एक थर्मल फ्यूज असतो. ठरावीक तापमानाला तो वितळतो आणि रेझिस्टरची वाट बंद होते. एक, दोन, तीन हे तिन्ही वेग त्याच वाटेने जात असल्यामुळे ते एकदम बंद पडतात. चौथ्याची वाट स्वतंत्र असल्यामुळे तो चालू राहतो. वाचकांपैकी ज्यांच्या गाडीत हे लक्षण आहे, त्यांनी सर्वप्रथम रेझिस्टर आणि त्याचा कनेक्टर पाहण्यास सांगावे. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे दोन-तीन स्क्रूंवर बसविलेला असतो.

इतर लक्षणांचाही असाच अर्थ लावता येतो. एक, दोन, तीन चालतात पण चौथा चालत नाही, असे असेल तर रेझिस्टर निर्दोष आहे. चौथ्या वेगाचा रिले किंवा नॉबमधील संपर्क तपासावा. मधलाच एखादा वेग गेला असेल तर त्या जागेचा संपर्क झिजलेला असतो किंवा रेझिस्टरमधील एखादे वेटोळे तुटलेले असते. एकही वेग चालत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा, नंतर मोटरला वीज पोहोचते का, आणि मोटरची अर्थिंगची तार घट्ट आहे का, हे पाहावे. पंखा बंद असताना मोटरच्या आवरणावर हलकेच टिचकी मारताच तो फिरू लागला, तर मोटरमधील कार्बन ब्रश झिजल्याची ती खूण समजावी.

पंख्याचा आवाज वेगाप्रमाणे वाढतो, पण वारा मात्र कमी येतो, ही तक्रार विजेची नव्हे. वाऱ्याची वाट कोंडलेली आहे. केबिन फिल्टर धुळीने भरला असेल, पाने अडकली असतील किंवा कूलिंग कॉइलवर मळाचा थर बसला असेल. सुरुवातीला वारा चांगला आणि तासाभराने क्षीण, पुन्हा एसी थोडा वेळ बंद ठेवला की पूर्ववत, असे घडत असेल तर कॉइलवर बर्फ धरत असण्याचा संभव आहे.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या गाड्यांत तारेच्या वेटोळ्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असतो. तो विजेची उघडझाप अतिशय वेगाने करून वेग कमी-जास्त करतो. तो बिघडला तर पंखा कधी एकाच वेगावर अडतो, कधी चावी काढल्यावरही फिरत राहतो. हा भाग रेझिस्टरपेक्षा बराच महाग असल्यामुळे मीटरने तपासल्याशिवाय तो बदलण्यास संमती देऊ नये.

रेझिस्टर जळाला, पण का?

खरी गफलत येथे होते. मेकॅनिक रेझिस्टर बदलतो, चारही वेग सुरू होतात, सर्वांना समाधान वाटते आणि तीन-चार महिन्यांत तोच रेझिस्टर पुन्हा जळतो. पहिला भाग निकृष्ट निघाला असे म्हणून दुसरा बसवला जातो. वास्तविक रेझिस्टर हा बहुधा रोग नसतो, रोगाची खूण असते. बुडीत कर्ज खतावणीतून काढून टाकले म्हणून ते का बुडाले हे कळत नाही. आणि ते कळले नाही तर पुढचे कर्जही बुडते.

पहिले कारण कोंडलेला फिल्टर. फिल्टरमधून वारा येईनासा झाला की रेझिस्टरला गार करणारा झोतही कमी होतो आणि तो आपल्याच उष्णतेने जळतो. मनमाड हे रस्त्यांचे आणि गोदामांचे गाव. अन्न महामंडळाच्या धान्य कोठाराकडे जाणारे ट्रक, पानेवाडीच्या इंधन डेपोंचे टँकर, हंगामात कांद्याची वाहने, आणि उन्हाळ्यात मोकळ्या रानातून उठणारी माती. या सर्वांची धूळ शेवटी फिल्टरवर जमते. कंपनीच्या पुस्तिकेत फिल्टर बदलण्याची मुदत सामान्य रस्ते गृहीत धरून दिलेली असते आणि धुळीच्या प्रदेशात ती त्याआधीच पाळावी असेही बहुधा तेथेच लिहिलेले असते. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. ज्या गावात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येते, तेथे हे सांगणे सोपे आहे. पण येथे प्रश्न पाण्याच्या बचतीचा नसून ओल्या कागदाचे पदर चिकटण्याचा आहे. फिल्टर हलकेच झटकून पाहावा आणि काळा पडला असेल तर बदलावा.

दुसरे कारण जड झालेली मोटर. तिच्या बुशिंगमध्ये धूळ गेली किंवा वंगण सुकले की ती फिरण्यासाठी अधिक प्रवाह खेचते. प्रवाह दुप्पट झाला तर रेझिस्टरमधील उष्णता चौपट होते, हा विजेचा नियम आहे. म्हणून रेझिस्टर बदलताना पंखा बोटाने फिरवून पाहण्यास सांगावे. तो सहज फिरला पाहिजे. अडखळला किंवा घरघरला तर मोटरचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजून घ्यावा. मोटर जड असताना केवळ रेझिस्टर बदलणे म्हणजे दुसऱ्या जळणाऱ्या रेझिस्टरची रक्कम आगाऊ भरणे होय.

तिसरे कारण पाणी. काचेखालच्या जाळीत पाने साचली की पावसाचे पाणी निघून जाण्याची वाट बुजते. ते ब्लोअरच्या पेटीत उतरते आणि कनेक्टर गंजतो. गंजलेल्या जोडाचा रेझिस्टन्स वाढतो, जोड तापतो आणि प्लॅस्टिक वितळते. काळवंडलेला कनेक्टर तसाच ठेवून नवा रेझिस्टर त्यात खोचू नये. दोन्ही एकत्रच बदलावेत.

चौथे कारण उंदीर. धान्याच्या गोदामाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत ते बाहेरील हवेच्या वाटेने ब्लोअरपर्यंत पोहोचतात आणि कागद-कापसाचे घरटे करतात. वाऱ्याला वास येत असेल किंवा आतून खसखस ऐकू येत असेल तर पंखा एकदम चालू करू नये. आत पिल्ले असतील तर त्यांचा जीव जाईल, आणि पंख्याची पातीही मोडेल. आधी फिल्टरची खाच उघडून पाहावे. गाडीत खाद्यपदार्थ न ठेवणे, गाडी उभी करताना रिसर्क्युलेशनचे बटण लावून बाहेरील हवेची झडप बंद ठेवणे आणि हवेच्या तोंडावर बारीक तारेची जाळी बसवून घेणे, हे उपाय विषाच्या गोळ्यांपेक्षा टिकाऊ आहेत आणि कोणाच्याही मनाला टोचणारे नाहीत.

जे मुळीच करू नये

वितळलेल्या थर्मल फ्यूजच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडून पंखा सुरू करून देणारे कारागीर सर्वत्र भेटतात. पंखा लगेच चालतो आणि पैसेही थोडेच लागतात. परंतु आग अडविणारे साधनच त्यामुळे काढून टाकलेले असते. पुढच्या वेळी मर्यादेबाहेर तापलेल्या रेझिस्टरला थांबविणारे कोणी उरत नाही, आणि त्याच्या सभोवती प्लॅस्टिक, फोम व साचलेली धूळ असते.

तीच गोष्ट मुख्य फ्यूजची. फ्यूज वारंवार जात असेल तर त्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज घालू नये. फ्यूज तारेच्या क्षमतेनुसार ठरविलेला असतो. तो वाढविला की तार स्वतःच फ्यूज बनते. डॅशबोर्डमधून जळका वास आला, तर पंखा बंद करून गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, सर्वांनी खाली उतरावे आणि तपासणी होईपर्यंत पंखा पुन्हा लावू नये. वास नसेल आणि कनेक्टर काळवंडलेला नसेल, तर केवळ चौथ्या वेगावर काही दिवस गाडी चालविण्यास हरकत नाही. झडपा छताकडे वळवून ठेवल्या तर वृद्धांच्या अंगावर थेट झोत येत नाही.

ट्रकच्या केबिनचा नवा नियम

हा विषय आता केवळ घरच्या मोटारीपुरता राहिलेला नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ व एन-३ वर्गातील, म्हणजे एकूण वजन ३.५ टनांहून अधिक असलेल्या मालवाहू वाहनांच्या चालक केबिनमध्ये एसी असणे बंधनकारक झाले आहे. ज्या व्यापारी घरांच्या मालकीचे ट्रक आहेत, त्यांच्या दुरुस्तीच्या खात्यात ही नवी बाब दाखल होणार. मे महिन्याच्या दुपारी मालेगावच्या रस्त्याने माल नेणाऱ्या चालकाच्या दृष्टीने पंखा ही चैन नव्हे. उष्म्याने थकलेला चालक उशिरा ब्रेक लावतो. "एसी चालत नाही" एवढीच त्याची तक्रार ऐकून ती बाजूला न सारता, कोणत्या वेगावर चालतो आणि कोणत्यावर नाही, हे त्याला विचारावे. अनेक मोठ्या ट्रकांत विद्युत्व्यवस्था २४ व्होल्टची असते, त्यामुळे मोटारीचा १२ व्होल्टचा भाग तेथे जुळवून बसविण्याचा मोह टाळावा.

पावसाळ्यापूर्वीची तजवीज

पाऊस सुरू झाला की गारव्याची गरज संपते आणि पंख्याकडे दुर्लक्ष होते. परंतु समोरच्या काचेवर आतून धरणारे बाष्प घालविण्याचे काम हाच पंखा करतो. चांदवडजवळच्या राहुड घाटात सरी कोसळत असताना काच धूसर झाली आणि वारा काचेकडे गेलाच नाही, तर चालकाला हाताने काच पुसत गाडी हाकावी लागते. म्हणून उन्हाळ्यातील बिघाड दिवाळीपर्यंत लांबणीवर टाकू नये.

गॅरेजमध्ये गाडी देताना चार प्रश्न विचारावेत. एसी बंद ठेवून चारही वेग तपासले का? रेझिस्टर मीटरने तपासला की अंदाजाने बदलला? फिल्टर आणि मोटर पाहिली का? कनेक्टर काळवंडलेला आहे का? जुना भाग परत मागून घ्यावा. तो जळालेला आहे की नाही हे डोळ्यांनी दिसते. या प्रश्नांनी प्रामाणिक कारागिराचा अवमान होत नाही, उलट त्याचे काम सोपे होते. पुष्कळ साध्या गाड्यांचा रेझिस्टर काही शे रुपयांत मिळतो आणि तो बदलण्यास फारसा वेळ लागत नाही. गॅस, कॉम्प्रेसर आणि डॅशबोर्ड यांच्या खर्चाशी त्याची तुलना ज्याची त्याने करावी.

घराच्या दुरुस्तीच्या वहीत गाडीसाठी एक पान राखावे. फिल्टर कोणत्या तारखेला व किती किलोमीटरवर बदलला, रेझिस्टर केव्हा बदलला, मोटरचा प्रवाह किती भरला, हे तीन रकाने पुरेत. एकाच पानावर दोन वर्षांत रेझिस्टरची नोंद दुसऱ्यांदा आली, तर तिसरा रेझिस्टर विकत घेण्याआधी मोटर उघडून पाहावी.